बाकीच्या तीन इयत्ता

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ मध्ये मंजूर झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या शेवटी एक अनुसूची आहे. कोणत्या शाळेला किती शिक्षक द्यायचे याचं कोष्टक तिच्यात दिलं आहे. पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक, ६१ ते ९० असतील तर तीन, ९१ ते १२० असतील तर चार. हे कोष्टक वाचताना कुणाला काही वावगं वाटत नाही, कारण तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण चांगलंच आहे. फक्त इयत्ता मोजायच्या राहून जातात. पाच इयत्ता आणि दोन शिक्षक. म्हणजे पन्नास मुलांची शाळा तंतोतंत कायद्याप्रमाणे चालली, एकही पद रिकामं राहिलं नाही, कुणी एक दिवसही रजा घेतली नाही, तरी तिथल्या प्रत्येक शिक्षकाला एकाच वेळी दोन किंवा तीन इयत्ता सांभाळाव्या लागणारच. जोडवर्ग ही अडचणीतली तात्पुरती सोय आहे, सगळी पदं भरली की ती संपेल, असं आपण धरून चालतो. लहान गावात ती संपणार नाही. कायद्यानेच तिची तजवीज केली आहे.

ज्यांनी हे वर्ग चालवायचे त्यांची तयारी मात्र वेगळ्याच शाळेसाठी झालेली असते. अध्यापक विद्यालयातला सराव पाठ डोळ्यांपुढे आणा. एक इयत्ता, एक विषय, एक घटक. टाचणात प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, मूल्यमापन, स्वाध्याय अशी पायऱ्यांची चळत. मागे बसून गुण देणारे प्राध्यापक. असे पाठ घेऊन पदविका मिळते आणि नेमणूक होते ती एखाद्या वाडीवर, जिथे पट तेवीस, इयत्ता चार आणि वर्गखोल्या दोन. टाचणातलं हेतुकथन पहिलीसाठी करायचं की चौथीसाठी, हे कुणी सांगितलेलं नसतं.

आता थोडं गणित करू. त्याच अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिलं आहे. म्हणजे दिवसाला चार तास. शाळा एकशिक्षकी असेल आणि इयत्ता चार असतील, तर सरळ वाटणीने प्रत्येक इयत्तेला दिवसातून एक तास शिक्षक मिळतो. त्या तासात मराठी, गणित, इंग्रजी आणि तिसरीपासून परिसर अभ्यास. विषयामागे पंधरा मिनिटं. उरलेले तीन तास मूल वर्गात असतं, हजेरीपटावर असतं, पण शिक्षक दुसऱ्या इयत्तेकडे तोंड करून उभा असतो. वर्षाचा हिशेब मांडला तर हे ६०० तास होतात. द्विशिक्षकी शाळेत ते ४०० वर येतात. बहुवर्ग अध्यापनाविषयी जे काही बोललं-लिहिलं जातं त्यातलं बरंचसं त्या एका तासाबद्दल असतं: तो अधिक परिणामकारक कसा करावा, त्यात कोणती अध्यापन पद्धती वापरावी. माझ्या मते शाळेचं भवितव्य त्या दुसऱ्या ६०० तासांत ठरतं. शिक्षक समोर नसताना मूल काय करतं, हा एकच प्रश्न विचारून कुठल्याही लहान शाळेची पारख करता येईल.

बहुतेक ठिकाणी या प्रश्नाचं उत्तर उदास करणारं आहे. धडा उतरवून काढा. दोन ते दहा पाढे लिहा. झाले? मग परत लिहा. पाढे लिहिण्यात वाईट काही नाही. पण तिसरीतल्या मुलीला सातचा पाढा पाठ असताना ती तो सलग पाचव्यांदा लिहिते तेव्हा ती गणित करत नसते, वेळ काढत असते, आणि तिला ते कळत असतं. शिक्षकालाही कळत असतं. समोरच्या पहिलीला ‘म’ आणि ‘भ’ यांतला फरक दाखवायला त्याला दहा मिनिटं शांतता हवी असते आणि ती विकत घेण्याचं त्याच्याजवळचं नाणं म्हणजे पाढे. त्याला दोष देऊन काही हाती लागत नाही. दुसरं नाणं त्याच्या हातात कुणी ठेवलं आहे का, हे आधी पाहायला हवं.

एका शिक्षकापुढे निरनिराळ्या वयाची मुलं बसलेली असणं हे आपल्याला नवं नाही. इयत्ता ही व्यवस्थाच त्या मानाने अलीकडची. पंतोजींच्या शाळेत पहिली-दुसरी नव्हती. कुणी धूळपाटीवर अक्षरं गिरवत असे, कुणी मोडीच्या वळणावर हात बसवत असे, कुणी पावकी-निमकी पार करून औटकीत अडकलेला असे, आणि थोरला विद्यार्थी धाकट्यांकडून पाढे म्हणवून घेत असे. त्या शाळांचे गोडवे गाण्याचं कारण नाही. तिथली छडी प्रसिद्ध आहे, आणि तिथे कोणत्या जातींच्या मुलांना बसायला जागा मिळे आणि मुलींना ती कशी जवळजवळ नव्हतीच, हेही ठाऊक आहे. पण सगळ्यांनी एकाच दिवशी एकच धडा शिकावा हा हट्ट तिथे नव्हता.

या पद्धतीला एक लांबचा प्रवास घडला. १७८९ मध्ये अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचा प्रमुख झाला. जवळच्या एका देशी शाळेत मुलं वाळूवर बोटाने अक्षरं काढताना त्याने पाहिली. स्वतःच्या शाळेत तो प्रकार सुरू करायला तिथले शिक्षक तयार होईनात, तेव्हा त्याने जॉन फ्रिस्कन नावाच्या आठ वर्षांच्या विद्यार्थ्याकडेच मुळाक्षरांचा वर्ग सोपवला. तो चालला. बेलने १७९७ मध्ये लंडनला या प्रयोगाची पुस्तिका छापली. पाठोपाठ जोसेफ लँकेस्टरने लंडनमध्ये तशीच शाळा काढली, आणि थोरल्यांनी धाकट्यांना शिकवायची ही ‘मद्रास पद्धत’ इंग्लंडभर पसरून पुढे अमेरिकेतही गेली. १८२३ मध्ये बल्लारीच्या कलेक्टरने आपल्या अहवालात देशी शाळांची ही रीत वाखाणली आणि इंग्लंडने तिचं अनुकरण केलं ते योग्यच होतं असा अभिप्राय दिला.

लँकेस्टरचा दावा असा, की एक शिक्षक हजार मुलं शिकवू शकेल. तिथेच गाडं रुळावरून घसरलं. पंतोजींच्या ओसरीवर थोरला मुलगा शेजारच्या धाकट्याला हात धरून गिरवायला शिकवत होता. लंडनमध्ये त्याचा मुकादम झाला. खर्च कमी आणि शिस्त कडक, हे त्या पद्धतीचं आकर्षण होतं, आणि यथावकाश तिचं नाव खराब झालं तेही त्यामुळेच. आजही वर्गात ‘मॉनिटर’ म्हटलं की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारा मुलगा आठवतो, तो याच वंशातला. मुलांनी मुलांना शिकवणं आणि मुलांनी मुलांवर देखरेख करणं या दोन गोष्टी जोडवर्गाच्या शिक्षकाने काटेकोरपणे वेगळ्या ठेवायला हव्यात. देखरेखीने शिकवणं गिळायला फार वेळ लागत नाही.

आपल्या काळात या ६०० तासांचा सर्वांत कसून विचार झाला तो आंध्र प्रदेशात, मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅलीत. जे. कृष्णमूर्तींच्या विचारांवर चालणारं हे निवासी विद्यालय. त्याच्या भोवतालच्या वाड्यांमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीस लहान एकशिक्षकी शाळा सुरू झाल्या, आणि पद्मनाभ राव व रमा या दांपत्याने त्यांच्यासाठी एक मांडणी विकसित केली. त्यांनी पाठ्यपुस्तक बाजूला ठेवलं आणि त्यातला आशय सुटा करून शेकडो कार्डांवर उतरवला. प्रत्येक कार्डावर एक छोटं काम आणि कोपऱ्यात एक चित्रखूण. भिंतीवर शिकण्याची शिडी. तिच्यावर त्याच चित्रखुणा क्रमाने रंगवलेल्या. मूल शाळेत आलं की शिडीवर स्वतःची जागा शोधतं, त्या खुणेचं कार्ड कपाटातून काढतं आणि त्या कामाच्या गटात जाऊन बसतं. ज्याला अजून अक्षरही वाचता येत नाही, तेही पुढचं काम कोणतं हे चित्रावरून ओळखतं.

या मांडणीतली खरी कल्पकता गटांमध्ये आहे. गट इयत्तेवर पडत नाहीत. मदत कुणाची लागणार यावर पडतात. नवी कल्पना पहिल्यांदा समजून घ्यायची असेल तर शिक्षकाजवळ. थोडा आधार पुरेसा असेल तर शिक्षकाच्या नजरेच्या टप्प्यात. सराव असेल तर सोबत्याबरोबर. अवांतर वाचन किंवा खेळ असेल तर एकट्याने. त्यामुळे शिक्षक खोलीतल्या सगळ्यांचा एकाच वेळी शिक्षक नसतो. ज्या पाच-सात मुलांना या घटकेला त्याची गरज आहे त्यांच्याजवळ तो बैठक मारतो. काही पायऱ्यांनंतर चाचणीचं कार्ड येतं. ते जमलं तर पुढची पायरी, नाही जमलं तर उजळणीचं कार्ड. मुलाला सगळ्यांदेखत नापास व्हावं लागत नाही.

या शिडीचा मोठा फायदा महाराष्ट्रातल्या शिक्षकाला सांगावा लागणार नाही. बीड जिल्ह्यातली मुलं दसरा-दिवाळीच्या सुमारास आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. हंगामी वसतिगृहांमुळे काही जण गावात राहतात, पण सगळे राहत नाहीत. परतलेलं मूल वर्गात येतं तेव्हा पुस्तक बाराव्या धड्यावर असतं आणि मूल चौथ्या. शिडी असेल तर ते जिथून गेलं त्या पायरीवर पुन्हा उभं राहतं. पुस्तकाला थांबायची सवय नाही.

ही मांडणी पुढे सरकारी शाळांतही गेली. कर्नाटकात १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ‘नली-कली’ सुरू झालं. तमिळनाडूत २००३ मध्ये चेन्नई महापालिकेच्या काही शाळांपासून सुरुवात झाली आणि २००७-०८ मध्ये राज्यातल्या सरकारी प्राथमिक शाळांत पहिली ते चौथीला कार्डं आणि शिड्या पोचल्या. दोन्हीकडचे शिक्षक आधी ऋषी व्हॅलीत जाऊन आले होते. चेन्नईच्या वर्गांत जमिनीलगत चारही बाजूंनी फळे लावले गेले आणि प्रत्येक मुलाला त्यातला एक तुकडा स्वतःचा म्हणून मिळाला. माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रयोगातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ गोष्ट हीच. शिक्षकाच्या उंचीचा एकच फळा असलेल्या खोलीत लिहिण्याचा हक्क कुणाचा, हे न सांगता कळतं.

राज्यभर पसरताना अर्थात काही गळलंच. वाडीवरच्या शिक्षकांनी स्वतः बसून लिहिलेलं कार्ड आणि राजधानीतून छापून आलेलं कार्ड दिसायला सारखंच असतं, पण पहिलं फाटलं तर शिक्षक नवं बनवतो आणि दुसरं फाटलं तर पुरवठ्याची वाट पाहतो. नोंदींचा भार वाढला, तर शिडी हीसुद्धा एक रकाना भरायची गोष्ट होऊन बसते. तमिळनाडूने पुढे मांडणी बदलली. २०२२ पासून तिथल्या ‘एण्णुम एळुत्तुम’ या कार्यक्रमात पहिली ते तिसरीच्या मुलांचे तीन स्तर केले आहेत. त्यांना नावं दिली आहेत अरुंबु, मोट्टु आणि मलर. कोवळी कळी, टपोरी कळी, फूल.

इयत्तेऐवजी स्तर हा विचार महाराष्ट्रातही रुजला आहे. मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने तिसरी ते पाचवीच्या मुलांना दिवसातला काही वेळ इयत्ता विसरून वाचनाच्या पातळीप्रमाणे बसवायला सुरुवात केली: अक्षर ओळखणारे, शब्द वाचणारे, परिच्छेद वाचणारे, गोष्ट वाचणारे. अभिजित बॅनर्जी, एस्थेर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रथम’च्या अशा कामाचा अनेक वर्षं पाठपुरावा करून अभ्यास केला. मुंबई आणि बडोद्यातला बालसखी प्रकल्प त्यातलाच. हे दोघं २०१९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलचे मानकरी. जोडवर्गाचा शिक्षक यावर हसेल, कारण त्याच्या खोलीत हे आपोआपच घडलेलं असतं. ज्यासाठी शहरातल्या चार तुकड्यांच्या शाळेला वेळापत्रक मोडावं लागतं, त्यासाठी त्याला फक्त सतरंज्यांची जागा बदलावी लागते. चौथीतला वाचनात अडखळणारा मुलगा दुसरीच्या गटात बसला तरी कुणाला खटकत नाही. ते सगळे रोज एकाच खोलीत असतात.

पण ज्या शाळेत शिडी नाही, कार्डं नाहीत, आहेत ती बालभारतीची पुस्तकं आणि एक फळा, तिथे काय करायचं? इथे पुस्तकांचा क्रम हीच मोठी अडचण होते. तिसरी-चौथीच्या जोडवर्गात मराठी, इंग्रजी, गणित, परिसर अभ्यास, शिवाय चौथीला शिवछत्रपतींच्या इतिहासाचं वेगळं पुस्तक. प्रत्येक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वेगळं न्यायचं म्हटलं तर शिक्षक दिवसभर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात धावत राहतो. मात्र पुस्तकं शेजारी शेजारी उघडून ठेवली तर दिसतं, की तेच विषय वर्षागणिक थोडे खोल होत जातात. संख्या, आकार, मापन, पैसे प्रत्येक इयत्तेत आहेत. पाणी, अन्न, गाव तिसरीतही आहे आणि चौथीतही. धड्यांचा क्रम बदलून हे विषय एकाच आठवड्यात आणता येतात.

आठवडी बाजाराचं उदाहरण घेऊ. सोमवारी बाजार भरतो, मंगळवारी शाळेत त्याचीच चर्चा. सुरुवातीला वीस मिनिटं सगळ्या इयत्ता एकत्र: काय पाहिलं, काय आणलं, मेथीची जुडी कितीला. मग कामं फुटतात. पहिलीपुढे वाटाणे किंवा चिंचोके. दहा-दहाचे ढीग करायचे आणि सुटे किती उरले ते सांगायचं. दुसरी बाजारातल्या वस्तूंच्या नावांच्या पट्ट्या लिहिते आणि प्रत्येकीवर किंमत टाकते. तिसरी त्या पट्ट्या घेऊन पिशवी भरते आणि बेरीज करून बिल बनवते. चौथीला किलो, अर्धा किलो, पाव किलो: टोमॅटो चाळीस रुपये किलो तर पाऊण किलोचे किती? शिक्षक या वेळात पहिलीजवळ बसतो, कारण दहाचा ढीग म्हणजे दशक ही उडी नव्याने घ्यायची आहे आणि ती एकट्याने घेता येत नाही. बाकीच्या तिघांकडे पंधरा-वीस मिनिटं पुरेल असं काम आहे.

यात एक बारीक युक्ती आहे. दुसरीने केलेल्या पट्ट्या हे तिसरीचं साहित्य झालं. तिसरीची बिलं चौथी तपासू शकते. चौथीने बाजारावर चार ओळी ठळक अक्षरांत लिहिल्या तर उद्या त्या दुसरीचं वाचनपत्र होतात. एका इयत्तेचं काम दुसऱ्या इयत्तेला लागतं म्हटल्यावर मुलं नीट लिहितात, कारण चुकीचं लिहिलं तर वाचणारा लगेच ओरडतो. आणि जोडवर्गाच्या शिक्षकाचा सर्वांत चिवट प्रश्न, वह्या तपासायच्या कधी, थोडा हलका होतो. ज्या कामाचं उत्तर एकच आहे त्याचं उत्तर कार्डाच्या मागे लिहून ठेवावं. मुलं आधीच मागे बघतील ही भीती खरी आहे. बघू द्यावं. मागे बघून पुन्हा पुढे येणारं मूल निदान दोन्ही बाजू वाचतं. उतारा उतरवणारं मूल एकही वाचत नाही.

वेळापत्रकाचं सूत्र याच्यातूनच निघतं. तिसरीला हातच्याची वजाबाकी पहिल्यांदा दाखवायची त्या वेळी चौथीला नवा अपूर्णांक देऊ नये; तिला वाचन द्यावं, नकाशा भरायला द्यावा. दोन्ही इयत्तांना एकाच वेळी शिक्षक लागेल असं काम एका तासिकेत येऊ द्यायचं नाही. सांगायला सोपं आहे, पण छापील वेळापत्रकात दोन्हीकडे ‘गणित’ लिहिलेलं असतं आणि भेटीला आलेले अधिकारी तेच पडताळून पाहतात.

पहिलीचा प्रश्न वेगळाच. जूनमध्ये आलेल्या मुलाला एकट्याने काम करता येत नाही; त्याला चप्पल कुठे काढायची इथपासून शिकायचं असतं. जाणते शिक्षक पहिले दोन महिने अभ्यासक्रमामागे धावत नाहीत. साहित्य कुठून घ्यायचं, झाल्यावर कुठे ठेवायचं, अडलं तर आधी कुणाला विचारायचं आणि शिक्षकाला मध्येच कधी हाक मारायची, एवढंच ते घोटून घेतात. जुलैअखेर पहिली मागे पडलेली दिसते आणि वरिष्ठांना ते खटकतं. त्या दोन महिन्यांची वसुली दिवाळीनंतर होते. या कामात वरच्या इयत्तांचा हातभार मोठा. मेळघाटातल्या कोरकू, नंदुरबारच्या भिल्ल-पावरा किंवा गडचिरोलीच्या गोंड वस्तीत शिक्षकाला मुलांची बोली येत नसेल आणि पहिलीला मराठी येत नसेल, तर चौथीतली मुलगीच दुभाषी असते. स्वतंत्र इयत्तांच्या शाळेत ती भिंतीपलीकडे बसलेली असती.

आता प्रश्न शिक्षकाला मदत करण्याचा. प्रशिक्षणं भरपूर होतात. सभागृह, प्रोजेक्टर, ‘प्रत्येक मुलाच्या गतीने शिकवा’ असं सांगणारी स्लाइड. ते वाक्य बरोबरच आहे, पण चार इयत्तांपुढे उद्या सकाळी साडेदहाला त्याचं काय करायचं हे त्यातून कळत नाही. कोलंबियातला ‘एस्क्वेला नुएवा’ म्हणजे ‘नवी शाळा’ हा प्रयोग इथे अभ्यासण्यासारखा आहे. १९७० च्या दशकात विकी कोलबर्ट, ग्रामीण शाळाशिक्षक ऑस्कर मोगोयोन आणि बेरिल लेविंजर यांनी तो आकाराला आणला. कोलबर्ट यांना २०१७ मध्ये शिक्षणासाठीचा यीदान पुरस्कार मिळाला. मुलांसाठी स्वतः वाचून करता येतील अशा मार्गदर्शिका हे त्याचं एक अंग. शिक्षकांसाठी त्यांनी उलट्या बाजूने सुरुवात केली. नव्या शिक्षकाला आधी चालती शाळा दाखवायची, व्याख्यान मागाहून. मग परिसरातल्या शिक्षकांनी ठरावीक काळाने एकमेकांच्या शाळेत जमायचं आणि आपापल्या अडचणी मांडायच्या.

महाराष्ट्राला हे अगदीच अपरिचित नाही. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळांनी फरशीवर आखणी करून मुलांच्या हाती साहित्य दिलं, तेव्हा राज्यभरातून शिक्षक त्या बघायला जात. दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद भरतेच. तिचा बराच वेळ परिपत्रकं वाचण्यात जातो ही तक्रार कुठल्याही तालुक्यात ऐकू येते. ती परिषद एखाद्या द्विशिक्षकी शाळेत, मुलं हजर असताना भरवली, सगळ्यांनी तासभर मागे बसून फक्त शिक्षक समोर नसलेल्या इयत्तांकडे पाहिलं आणि दुपारी मिळून पुढच्या महिन्याची कार्डं लिहिली, तर खर्च वाढत नाही. दहा शाळांनी प्रत्येकी वीस कार्डं केली तर केंद्राजवळ दोनशे कार्डं जमतात. केंद्रप्रमुखाने गाडीच्या डिकीतून ती या शाळेतून त्या शाळेत फिरवावीत. वाडीवरच्या शिक्षकाला सल्ल्यापेक्षा या खेपेचा उपयोग जास्त होईल.

वेळ हेच भांडवल असेल तर ते कुठे गळतं हेही पाहावं लागेल. कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून बाकी अशैक्षणिक कामांतून मोकळं केलं. शिक्षण खातं स्वतः जी माहिती मागतं ती मात्र ‘शैक्षणिक’ ठरते. त्याच अनुसूचीप्रमाणे प्राथमिक शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक १५० मुलांच्या पुढेच मिळतो. त्यामुळे द्विशिक्षकी शाळेत दोघांपैकी एक जण मुख्याध्यापकही असतो: पोषण आहाराचा तांदूळ, यू-डायसची माहिती, व्यवस्थापन समितीचं इतिवृत्त, आणि मोबाइलवर ‘आजच पाठवा’ असा निरोप. अशा दिवशी ४०० तासांचा हिशेब पुन्हा ६०० कडे सरकतो. एका केंद्रातल्या लहान शाळांना मिळून एक कारकून देणं ही मागणी कुठल्याही शैक्षणिक धोरणाइतकीच शैक्षणिक आहे.

या सगळ्यावर दुसरा एक उपाय सुचवला जातो: लहान शाळा एकत्र करा. महाराष्ट्रात २० पेक्षा कमी पटाच्या शाळांची संख्या २०२१-२२ च्या सुमारास साडेचौदा हजारांच्या वर होती, आणि २०२३ मध्ये पानशेत व तोरणमाळच्या धर्तीवर समूहशाळांचे प्रस्ताव मागवले गेले. गाडी वेळेवर येत असेल आणि रस्ता असेल तिथे याचा विचार जरूर व्हावा. पण एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा हा नियम केला तो ओढा, घाट आणि सहा वर्षांच्या मुलीचे पाय लक्षात घेऊनच. समूहशाळा झाल्या तरी हजारो वाड्या उरतील, आणि तिथे पहिली-दुसरी एका सतरंजीवरच बसेल.

तिथल्या शिक्षकाने एका दिवसाची तयारी मात्र आधीच करून ठेवलेली बरी: जोडीदार शिक्षक नसण्याच्या दिवसाची. रजा, प्रशिक्षण, निवडणूक, तालुक्याची बैठक. द्विशिक्षकी शाळेत असे दिवस वारंवार येतात आणि बहुतेकदा ते सकाळी परिपाठाच्या वेळी कळतात. काही शिक्षक यासाठी वेगळी पेटी ठेवतात. तिच्यात मोठ्या अक्षरांच्या गोष्टी असतात, मोजपट्टी आणि दोरी असते, शाळेच्या आवाराचा अर्धवट नकाशा असतो, शब्दकोडी असतात, आणि कोणती जोडी काय घेईल हे सांगणारा कागद झाकणाच्या आत चिकटवलेला असतो. तो वाचून दाखवायचं काम चौथीकडे. पेटीतला माल दर दोन महिन्यांनी बदलावा लागतो. नाहीतर तिसऱ्या खेपेला कोड्याचं कार्ड बाहेर निघायच्या आत दुसरीतलं कुणीतरी उत्तर सांगून मोकळं होतं.